कार्यकर्त्याचा संसार

१९०५ साली पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ काढली. सदस्यांनी घ्यायच्या सात शपथांमध्ये एक पोटापाण्याची होती: संस्था जी तजवीज करील, तीत स्वतःचं आणि कुटुंबाचं भागवायचं. आयुष्य कामाला वाहणाऱ्याचा संसार कोण चालवणार, हा प्रश्न गोखल्यांनी आरंभीच विचारात घेतला होता. नंतर आपण त्याला बगल देत आलो.

त्यागाची उदाहरणं मोठी होती, म्हणून ते जमलंही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. साताऱ्याच्या वसतिगृहात पोरांना खायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा दिलं. ही गोष्ट सांगताना आपला गळा दाटतो. पण बाईच्या गळ्यातल्या सोन्यावर मुलं जेवावीत ही समाजाची नामुष्की होती, असं कुणी म्हणत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत शिकलेली मुलं खेड्यांकडे वळली. जामखेडला डॉ. आरोळे दाम्पत्य १९७० मध्ये गेलं, गडचिरोलीत डॉ. बंग दाम्पत्य १९८६ मध्ये. गडचिरोलीची हकिगत मला पुन्हापुन्हा आठवते. तिथे गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. घरोघरी जाऊन त्यांनी तान्ह्या बाळांना जपलं, श्वास कोंडलेल्या बाळांना वाचवलं. ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांवर सोपवलं. स्वयंसेवी कामाचं यापेक्षा मोठं यश कोणतं? पण आशाताईंना सरकारदरबारी नाव मिळालं ते ‘स्वयंसेविका’, आणि पैसे ‘मोबदला’ म्हणून. कर्मचारी म्हणायला सरकार आजही तयार नाही.

दरम्यान पैशाच्या वाटा बदलल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. पैसा आला, पण इमारत, यंत्र, रुग्णवाहिका अशा फोटोत दिसणाऱ्या गोष्टींसाठी चटकन, माणसांसाठी अडखळत. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. हिशेबनिसाचा, व्यवस्थापकाचा पगार त्यातच बसवायचा. मोठ्या संस्थेने परदेशी देणगी गावातल्या छोट्या संस्थेला द्यायची वाटही बंद झाली. गैरव्यवहार रोखायलाच हवेत, पण या नियमांचा मार सर्वांत जास्त बसला तो प्रामाणिक लहान संस्थांना.

प्रपोजलवर पहिली कात्री मानधनाच्या ओळीला लागते, हे संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा. तीन वर्षांनी प्रकल्प संपतो. तिशीतला कार्यकर्ता, ज्याला गावातलं प्रत्येक घर ठाऊक असतं, तो लेकराच्या फीसाठी शहरात नोकरी शोधतो. त्याच्याबरोबर गावाची ओळखही संस्थेतून निघून जाते.

यंदा एखाद्या संस्थेला देणगी दिलीत, तर पावतीवर एवढं लिहून घ्या: कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी.