आजच्यापुरते बळ

ख्रिस्ती श्रद्धेतून रोजच्या जगण्याला बळ कसे मिळते, यावर बोला असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. अशा भाषणात लोकांना चमत्कार ऐकायचा असतो. अमुक एक जण आजारी होता, प्रार्थना झाली आणि तो उठून चालू लागला. माझ्याकडे तशी गोष्ट नाही. माझ्या यजमानांना २०११ साली अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्यानंतर आठ वर्षे ते अंथरुणावर होते आणि २०१९ साली देवाघरी गेले. त्या आठ वर्षांत मी रोज प्रार्थना केली. ते बरे झाले नाहीत. तरीही मला बळ मिळाले, असे मी म्हणते. ते कसे मिळाले, तेवढेच आज सांगणार आहे.

आमचे किनवट पैनगंगेच्या काठचे, सागवानाच्या जंगलातले गाव. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे. पलीकडे तेलंगणाची हद्द लागते आणि जिल्ह्याचे ठिकाण नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर दूर. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे मला नंतर कळले. यजमानांचे तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तेव्हा आम्ही आधी उन्हामुळे झाले असेल म्हणून कांद्याचा रस चोळत बसलो. त्यात वेळ गेला. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते : अशी लक्षणे दिसली, तर आधी गाडी बोलवा. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. श्रद्धा ही औषधाच्या जागी ठेवायची वस्तू नव्हे.

दवाखान्यातून घरी सोडताना परिचारिकेने मला बजावले, की दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. दिवसा आणि रात्रीही. मी शाळेत शिक्षिका होते. हिशेब केला, तर दिवसाला बारा वेळा, महिन्याला तीनशे साठ वेळा. तो आकडा पाहूनच माझे हातपाय गळाले. पहिल्या महिन्यात मी देवाकडे एकच मागणे मागत होते, की यांना उठव. प्रार्थना संपली, की यजमानांकडे पाहायचे. ते तसेच. मग आणखी निराश व्हायचे. हे काही दिवस चालले आणि एका रात्री, दोन वाजताच्या गजराला, माझ्याने उठवेना. मी तशीच पडून म्हणाले, "देवा, वर्षाचे राहू दे. एवढी एक कूस बदलायचे बळ दे." उठले आणि बदलली.

त्या रात्री प्रभूच्या प्रार्थनेचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात पोटापाण्याचे मागणे एकच आहे आणि ते आजच्या भाकरीचे आहे. वर्षाच्या धान्याचे नाही. इस्राएल लोक अरण्यातून चालले होते, तेव्हा त्यांना मिळणारा मान्नाही रोज सकाळी त्या दिवसापुरताच गोळा करायचा असे. हावेने जास्त ठेवला, तर त्यात किडे पडत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दोन दिवसांचा गोळा करायची मुभा होती. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण बळसुद्धा मान्नासारखेच रोजचे रोज मिळते, साठवून ठेवता येत नाही, हे मात्र यजमानांच्या खाटेशेजारी समजले. त्यानंतर दर दोन तासांची ती कूस हीच माझी प्रार्थनेची वेळ झाली.

आपण मराठीत 'धीर धरा' असे सहज म्हणतो. पौलाने इसवी सन ५७च्या सुमारास रोममधील मंडळीला पत्र लिहिले. त्यात त्याने संकटातून धीर, धीरातून शील आणि शिलातून आशा अशी साखळी मांडली आहे. तिथे धीर या अर्थी मूळ ग्रीक शब्द आहे 'हुपोमोने'. त्याची फोड केली, तर अर्थ होतो 'खाली टिकून राहणे'. म्हणजे ओझे डोक्यावर आहे, ते उतरलेले नाही, पण माणूस त्याच्याखालून पळालेला नाही. ओझे उतरणे वेगळे आणि ओझ्याखाली उभे राहता येणे वेगळे. मी पहिले मागत होते, मिळत होते दुसरे.

आता कोणी म्हणेल, की हे सगळे पवित्र शास्त्रातले झाले, आपल्यासारख्या मराठी घरातले सांगा. तर दोन बायांची नावे घेते. दोघींना महाराष्ट्र ओळखतो.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, १८६८ सालचा जन्म. माहेर कमालीच्या सोवळ्याचे. पती नारायण वामन टिळक, मोठे कवी, दिलदार, पण तापट आणि पैशांच्या बाबतीत बेफिकीर. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. पुढे त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या, तरी सुरुवातीला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि मगच, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. कोणी घाई केली म्हणून नाही. नगरच्या प्लेगमध्ये याच सोवळ्या घरच्या बाईने रुग्णांची सेवा केली. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घालून ते पुरे केले. 'स्मृतिचित्रे' तर मराठीतले अजोड आत्मचरित्र. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. ते पुस्तक मी यजमानांना दोनदा वाचून दाखवले. दुःखाच्या ऐन प्रसंगात ही बाई स्वतःवर हसते. श्रद्धा माणसाला गंभीर चेहरा देते असे ज्यांना वाटते, त्यांनी ते जरूर वाचावे.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. आईवडील दुष्काळात गेले, १८८२ साली नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुलींना आसरा मिळाला. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल यावे, म्हणून या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, कामातली उजवा हात. रमाबाई भाषांतराच्या कामावर बसतच राहिल्या. ते काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

या दोघींच्या आयुष्यात संकट टळले, असे कुठे दिसत नाही. दिसते ते एवढेच, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा कामाला लागल्या. मला यातून बळ मिळाले, कारण दुसरी सकाळ ही माझ्याही आवाक्यातली गोष्ट होती.

पण एक गैरसमज होऊ नये. धीर म्हणजे तोंड दाबून सोसणे नव्हे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत. देवा, किती दिवस, तू कुठे आहेस, असे सरळ विचारणारी. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळावा म्हणून विनवणी केली आणि तो टळला नाही. म्हणून मीही भांडले. एकदा उन्हाळ्यात तीन दिवस वीज नव्हती, यजमानांच्या पाठीला जखम झाली होती, आणि मी पवित्र शास्त्र मिटून फळीवर ठेवून दिले. आठ दिवस हात लावला नाही. नवव्या दिवशी तांड्यावरून दूध घालायला येणारी याडी म्हणाली, "बाई, आज तुमचं गाणं नाही का?" मी रोज सकाळी त्यांचे अंग पुसताना गाणे म्हणत असे, ते ती फाटकापाशी थांबून ऐकत होती, हे मला ठाऊकच नव्हते. तिचा धर्म वेगळा, बोली वेगळी. पण माझ्या श्रद्धेचा सुटलेला धागा तिने माझ्या हातात परत दिला.

त्या दिवशी मी टिळकांचे एक भजन म्हणू लागले. आपल्या अभंगाच्या वळणाची टिळकांची ही पदे आमच्या उपासनेत सर्रास गायली जातात. दुसऱ्या ओळीला मला आणखी एक आवाज ऐकू आला. यजमान गात होते. पाणी मागायलाही ज्यांना शब्द सापडत नव्हता, ते अख्खे कडवे म्हणाले. मी रडत रडत डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, की मेंदूत बोलणे आणि गाणे यांच्या वाटा पूर्णपणे एक नाहीत. वाचा गेलेले पुष्कळ रुग्ण पाठ असलेले गाणे म्हणू शकतात. म्हणजे चमत्कार नव्हता. पण लहानपणापासून दर रविवारी म्हटलेले ते भजन त्यांच्यात कुठेतरी शाबूत राहिले होते, हे खरे. त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघे गात होतो. बोलणे कधी परत आले नाही. गाणे शेवटच्या महिन्यापर्यंत राहिले.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याहूनही थोडे कमी भरले. आमच्यासारख्या गावात तर उपासनेला मोजकी घरे जमतात. पण दर शुक्रवारी कोणीतरी येऊन दोन तास खाटेजवळ बसे, तेवढ्यात मी बाजार करून येई. पाळक येत, प्रार्थना करीत आणि मग बाही सरसावून कूस बदलायला हातही लावीत. शेजारचे रिक्षावाले चाचा गोकुंद्याच्या दवाखान्यात नेताना कधी पैसे घेत नसत. बळ आभाळातून पडते असे मी मानत नाही. ते बहुतेक वेळा फाटकातून, चपला काढून, आत येते.

आज यजमान नाहीत. रात्री दोन वाजता मात्र अजून जाग येते. पूर्वी त्या वेळी त्यांच्यासाठी प्रार्थना करीत असे. आता त्या घटकेला गावात, तालुक्यात, कुठे कोण कोणाची कूस बदलत बसले असेल, त्याच्यासाठी करते. तुमच्या घरी असे कोणी असेल, तर त्यांना माझा एकच निरोप सांगा. वर्षाचा हिशेब करू नका. पुढचे दोन तास निभावण्यापुरते बळ मागा. ते संपले, की पुन्हा मागा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)