आठवडे मोजणारं यंत्र आणि ‘आज’

६ एप्रिल २०१९ ला गुढीपाडवा होता. शके १९४१, विकारी नाम संवत्सर सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास आणखी एक चक्र पुरं झालं. जीपीएस उपग्रहांचा आठवड्यांचा आकडा १०२३ वरून शून्यावर आला.

हे कसं होतं बघा. उपग्रह आपल्यासारखी तारीख सांगत नाही. ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा आणि त्या आठवड्यातली वेळ किती, एवढंच तो सांगतो. आठवड्याच्या आकड्याला जागा १० बिटांची. त्यात १०२४ आठवडे मावतात, म्हणजे साधारण १९.६ वर्षं. पहिली फेरी ऑगस्ट १९९९ मध्ये संपली, दुसरी २०१९ मध्ये. तिसरी नोव्हेंबर २०३८ मध्ये संपेल.

मग ही फेरी कितवी, हे रिसीव्हरला कसं कळणार? उपग्रहाच्या त्या आकड्यात ते नाहीच. म्हणून बरेच उत्पादक आत एक गृहीतक घालून ठेवतात: ‘माझं सॉफ्टवेअर तयार झालं त्याआधीची तारीख असूच शकत नाही.’ तर्क बिनचूक आहे. पण त्याला मुदत आहे. समजा, गृहीत तारीख १ जानेवारी २००५ असेल, तर ते यंत्र ऑगस्ट २०२४ मध्ये एकदम २००५ मध्ये जाऊन बसेल. म्हणजे २०१९ सुखरूप पार पडलं म्हणून निश्चिंत राहता येत नाही. प्रत्येक यंत्राचा दिवस वेगळा.

गंमत अशी, की सेकंद बरोबर असतो, बहुधा ठिकाणही बरोबर दिसतं. चुकते ती तारीख. पण मोबाइल टॉवर, वीजकेंद्रं, संगणकांची जाळी अशाच घड्याळांवर चालतात. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्क महापालिकेचं वायरलेस जाळं याच कारणाने काही दिवस बंद पडलं होतं.

आता माझ्या विषयाकडे येतो. साठ संवत्सरांची नावंही फिरून येतात. नुसतं ‘विकारी’ म्हटलं तर ते १८८१ चं की १९४१ चं, कळत नाही. म्हणून पंचांगात शेजारी शकाचा आकडा असतो. चक्र स्वतःची फेरी सांगू शकत नाही. ती बाहेरून कुणीतरी सांगावी लागते. नव्या सिग्नलमध्ये १३ बिट आहेत, सुमारे १५७ वर्षं पुरतील. प्रश्न लांबला, सुटला नाही.

तेव्हा आपल्या कचेरीत असं यंत्र असेल, तर पुरवठादाराला एवढंच विचारा: हे कुठल्या तारखेपर्यंत बरोबर चालेल? आणि तारीख पडताळायला दुसरी एक सोय जरूर ठेवा.