शिकारीच्या सकाळी कुत्र्याला पोटभर खायला का देत नाहीत?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या साऊथ डकोटा राज्यात फेजंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. लॅब्रेडॉर, पॉइंटर, स्पॅनियल अशी कुत्री दिवसभर गवताळ रानात पळत असतात. पण एवढी मेहनत करणाऱ्या कुत्र्याला जाणकार शिकारी सकाळी भरपेट खायला देत नाहीत. हा छळ वाटेल, पण त्यामागे कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे कुत्र्याचं इंधन. लांब पल्ल्याचा धावपटू शर्यतीआधी भात, पास्ता खातो, कारण त्याला कर्बोदकं लागतात. कुत्र्याचे स्नायू मात्र तासन्‌तास पळताना मुख्यतः चरबीवर चालतात. निघण्याच्या तोंडावर पोटभर खाल्लं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि चरबी जाळण्याचा वेग मंदावतो.

दुसरं कारण थेट जिवावर बेतणारं आहे. खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटात कधीकधी गॅस भरतो आणि जठराला पीळ बसतो. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रं दगावू शकतं. म्हणूनच भरल्या पोटी पळवू नका, असं पशुवैद्य सांगतात. शिवाय पोटात अन्न असलं की पळताना वारंवार शी होते, ती वेगळीच.

मग खायला द्यायचं कधी? मुख्य जेवण आदल्या संध्याकाळी. सकाळी द्यायचंच असेल तर थोडंसं आणि निघण्याच्या काही तास आधी. हंगामाच्या काही आठवडे आधीपासून बरेच जण हळूहळू 30 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के चरबी असलेल्या खाद्यावर येतात. ऐन वेळी खाद्य बदललं तर जुलाब होतात.

पण दिवसभर कोरडं पोट हेही धोक्याचं. काही कुत्र्यांची रक्तातली साखर अचानक उतरते. कुत्रं झोकांड्या खातं, गोंधळल्यासारखं करतं, झटकेही येऊ शकतात. अशा वेळी काम थांबवून हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळतात आणि लगेच डॉक्टर गाठतात. ही वेळ येऊ नये म्हणून अधूनमधून विश्रांती आणि छोटा खाऊ देतात.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं आणि त्यात भरपूर पाणी जातं. म्हणून पाणी थोडं थोडं, पण सारखं द्यायचं. संध्याकाळचं जेवण धाप पूर्ण शांत झाल्यावरच.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीवर बंदी आहे. पण रविवारी लॅब्रेडॉरला घेऊन गडावर जाणाऱ्यांनाही हे नियम लागू पडतात. निघताना प्रेमाने भरवलेली वाटीभर चिकन-भाताची मेजवानी त्याला चढणीवर महागात पडू शकते. पिल्लू, म्हातारं किंवा मधुमेह असलेलं कुत्रं असेल, तर जेवणाची वेळ बदलण्याआधी पशुवैद्यांना विचारलेलं बरं.