पान्यांचे निदान

वडिलांच्या निधनानंतर वडोदऱ्याचे जुने घर आवरताना जिन्याखाली पत्र्याची एक पेटी सापडली. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेले वीस-बावीस पाने होते. वडील आपल्या ‘हिंदुस्थान टेन’मधून खेडोपाडी व्हिजिटला जात, त्याआधी आजोबांची एक इंग्रजी मोटार होती. गाड्या केव्हाच गेल्या, पाने तेवढे उरले. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. परंतु जिचे प्रयोजन आपल्याला उमगत नाही ती वस्तू निरुपयोगी समजावी, हे माझ्यातल्या वैद्याला पटेना. रुग्ण तपासावा तसा एकेक पाना तपासायचे मी ठरविले.

प्रथम दर्शन. पान्याच्या दांड्याची लांबी त्याला किती जोर सोसायचा आहे ते सांगते. बोटाएवढा एक पाना होता, बाजूला पोलादाची पातळ पट्टी जडविलेली. हा मॅग्नेटोचा पाना. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधील फट इंचाच्या काही सहस्रांशांची असावी लागते. पाना नट सैल करी आणि पट्टी ती फट मोजी. दुसरी एक जोडी रुंद तोंडाची, पण अंगाने फारच पातळ. स्वस्तातला माल असावा असे वाटले. वस्तुतः ते टॅपेटचे पाने होते. साइड व्हॉल्व्ह इंजिनात टॅपेट आणि त्याचा लॉकनट इतके लगत असतात की जाड पाना तिथे शिरतच नाही. एकाने धरायचे आणि दुसऱ्याने फिरवायचे. त्यांचा कृशपणा हा दोष नसून गुण होता.

दर्शनाने भागले नाही तेव्हा मोजमाप केले. एका पान्यावर ‘1/4 W’ असे कोरलेले. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, पण कॅलिपरने तोंड मोजले तर 13.3 भरले! उलगडा असा की व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावरचा आकडा त्याच्या तोंडाचा नसतो, ज्या बोल्टसाठी तो पाना आहे त्याच्या दांड्याच्या जाडीचा असतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये आट्यांचे प्रमाण सुचविले, त्या परंपरेची ही खूण. आजचा 13 चा पाना अशा नटावर चढत नाही आणि 14 चा सैल पडून कोपरे झिजवितो.

मात्र खरी गुंतागुंत पुढेच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे होता. युद्धानंतर तिथे मॉरिस मोटारींची इंजिने होऊ लागली आणि 1923 मध्ये मॉरिस यांनी तो विकतही घेतला. तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी; इंग्रज मिस्त्रींच्या पेटीत मात्र व्हिटवर्थचे पाने. तेव्हा आटे मेट्रिक ठेवून बोल्टचे डोके व्हिटवर्थ मापाचे केले गेले. चेहरा इंग्रजी, नाडी फ्रेंच! हीच रीत मॉरिस टेनच्या इंजिनात चालू राहिली आणि त्या गाडीवर बेतलेली हिंदुस्थान टेन आपल्या गुजरातच्या ओखा बंदरात तयार झाली. वडिलांच्या पेटीत तो पाना का होता, हे मला तेव्हा कळले.

हे न जाणल्याने होणारी हानी मी पाहिली आहे. एका स्नेह्याच्या जुन्या गाडीचे काम करताना मिस्त्रीने डोके व्हिटवर्थचे म्हणून आटेही व्हिटवर्थचेच धरले आणि तसा नवा बोल्ट जोर लावून आवळला. व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंशांचा, मेट्रिकचा 60 अंशांचा, मापेही निराळी. ब्लॉकमधले आटे कायमचे गेले. हात कुशल होता, चुकले ते निदान.

आज प्रत्येक पान्याला मी एक चिठ्ठी बांधली आहे: माप, खूण, झीज कुठे आहे आणि संभाव्य काम. जिथे खात्री नाही तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. हे पाने हाताच्या स्पर्शाने ओळखणारे मिस्त्री आता विरळ झाले आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडील-आजोबांच्या व्हिजिटच्या मोटारीची अशी एखादी पेटी असेल. ती भंगारात देण्यापूर्वी, वाचकहो, एकदा कॅलिपर घेऊन तिच्यापाशी बसा.