नारंग, ऑरेंज आणि नागपूरचे संत्रे

नागपुरास 'ऑरेंज सिटी' म्हणण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, दुकानांच्या पाट्यांवर आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत वावरणारा तो शब्द परका आहे याची जाणीवही कोणास होत नाही. आणि वस्तुतः तो पुरता परका नाहीच, कारण ज्या 'ऑरेंज' शब्दाने आपण या नगरीचा गौरव करतो त्याचे मूळ आपल्याच देशातील 'नारंग' या शब्दात आहे.

चरकसंहितेत 'नागरंग' या नावाने या वर्गातील फळाचा उल्लेख आढळतो, आणि केरळात लिंबास आजही 'नारंगा' म्हणतात हे ध्यानी घेता संस्कृतने हा शब्द द्राविड भाषांकडून स्वीकारला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पुढे हा शब्द फारसीत 'नारंग' म्हणून रुळला, अरबीत 'नारंज' झाला, आणि अरबांचा अंमल स्पेनवर बसला तेव्हा फळासह युरोपात शिरला. इटली व फ्रान्समध्ये उपपदाच्या उच्चारात आरंभीचा 'न' विरून गेला. शिवाय फ्रेंच भाषेत 'ओर' म्हणजे सुवर्ण, त्यामुळे त्या सोनेरी फळाच्या नावास 'ओ' हा आद्यस्वर चिकटला असावा. इंग्रजांना हे नाव फ्रेंचांकडून मिळाले, तेही प्रथम केवळ फळाचे म्हणून. रंगास 'ऑरेंज' म्हणण्याची रीत त्यांच्याकडे सोळाव्या शतकात पडली.

युरोपास प्रथम परिचित झालेले हे फळ कडवट होते. गोड जातीचा प्रसार पुढे मुख्यतः पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी केला, म्हणून ग्रीक, तुर्की, अरबी आणि फारसी या भाषांत गोड फळाचे नाव चक्क पोर्तुगाल देशावरून पडले. ज्या फारसी-अरबी मुलुखांनी 'नारंग' शब्द पश्चिमेस पोहोचवला, त्यांनीच गोड फळासाठी पश्चिमेचे नाव स्वीकारावे, हा व्यापाराच्या इतिहासाचा मोठा बोलका पुरावा होय.

आपल्या 'संत्रे' या शब्दाचा संबंधही पोर्तुगालमधील सिंत्रा या गावाशी जोडण्यात येतो. परंतु पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो 1510 साली, आणि 1530 मध्ये निधन पावलेल्या बाबराच्या आत्मचरित्रात 'संगतरा' नावाचे फळ आधीच नोंदलेले आहे. इतक्या अल्पकाळात एका युरोपीय गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानात रुळावे, हे पटण्यास कठीण आहे. 'मोसंबी' मात्र आफ्रिकेतील मोझांबिकच्या नावावरून आली, हे सर्वमान्य आहे.

परंपरा अशी सांगते की, नागपुरात संत्र्याची लागवड अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून कलमे आणवून केली. सैल सालीचे, सहज सोलता येणारे हे फळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मँडरिन वर्गातील आहे, म्हणजे युरोपातील घट्ट सालीच्या गोड 'ऑरेंज'हून निराळे आहे. काटोल, नरखेड, वरुड आणि मोर्शी येथील बागाईतदार पाणी तोडून बागेस ताण देतात, जेणेकरून झाडे विसावा घेऊन एकाच वेळी फुलावीत. आंब्यास मोहर येतो त्या सुमारास धरलेला तो आंबिया बहार, आणि पावसाळ्याच्या आरंभी धरलेला तो मृग बहार. फारसीत 'बहार' म्हणजे वसंत ऋतू आणि 'मृग' हे आपले नक्षत्र. राजदरबारातील फारसी व पंचांगातील संस्कृत शेतकऱ्याच्या मुखी अशा सहजतेने एकत्र नांदतात.

'नागपूर संत्र्या'स 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि लिंबूवर्गीय फळांचे संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही याच शहरात आहे, त्यामुळे फळाच्या वाणाचे जतन करण्याची तजवीज झालेली आहे. शब्दांच्या जतनाची तशी तजवीज मात्र अद्याप व्हावयाची आहे. बहार, ताण, कलम, डोळा बांधणे ही परिभाषा वयोवृद्ध बागाईतदारांच्या जिभेवर आहे तोवरच विदर्भातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना बागांत पाठवून ती अर्थांसह टिपून घ्यावी आणि कोशात दाखल करावी. ज्या भूमीने जगास 'नारंग' दिला, तिने आपल्या बागेची भाषा गमावता कामा नये.