लघुवाद्यमेळ आणि आपली हलगी

पाश्चात्त्य संगीतात 'चेंबर म्युझिक' नावाचा प्रकार आहे. एखाद्या दालनात बसून मोजक्या वादकांनी वाजवावयाचे हे संगीत. त्यात बहुधा संचालक नसतो. प्रत्येकाचा भाग स्वतंत्र असतो, पण तो इतरांकडे कान देऊनच वाजवावा लागतो. त्यास आम्ही लघुवाद्यमेळ म्हणतो. पूर्वी त्यात व्हायोलिन, चेलो अशी युरोपीय वाद्येच प्रामुख्याने असत. आता हे दालन इतरांसही खुले झाले आहे. चेलोवादक यो-यो मा यांनी १९९८ साली आरंभिलेल्या 'सिल्क रोड' उपक्रमात चेलोशेजारी चीनचा पिपा, जपानची शाकुहाची बासरी आणि आपला तबला बसतो.

आपल्या चळवळीला असा मेळ अपरिचित नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांत ढोलकीला युरोपात जन्मलेल्या पेटीची साथ असे. याच पेटीवर ऑल इंडिया रेडिओने १९४० साली बंदी घातली होती. भीमजयंतीला वाजणारा 'बेंजो' तर मूळचा जपानी. १९१२ साली नागोया येथे तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' घडवले गेले. आपल्याकडे तेच बुलबुलतरंग झाले.

परदेशी वाद्यांस आपण सहज सामावून घेतले. प्रश्न येतो तो हलगीचा. मृत जनावराचे चामडे, ते मढवणारे हात आणि गावकीची सक्ती यांमुळे या वाद्याला जात चिकटली. बाबासाहेबांनी गावकीची हीन कामे सोडावयास सांगितली आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी वाजवणेही सोडले. तो निर्णय स्वाभिमानाचा होता. त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि हीन होती ती सक्ती, नाद नव्हे. तमिळनाडूत पराई या चर्मवाद्याची हीच कहाणी आहे. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने २०१८ साली गिटारच्या बरोबरीने पराई रंगमंचावर आणली, तीही जातिअंताची गाणी गात.

सातिवलीच्या आपल्या शाळेत बौद्ध कुटुंबांतील मुलांसोबत आदिवासी पाड्यांवरची मुलेही राहतात. पाड्यावरच्या मुलांना तारपा सांगावा लागत नाही. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचे हे वाद्य श्वास न तोडता वाजवले जाते. तारपा, हलगी, बेंजो आणि पेटी यांचा एक लघुवाद्यमेळ आपल्या सभागृहात उभा राहावा, असे आम्हांस मनापासून वाटते. हलगी आवाजाने मोठी, म्हणून तिने बोटांच्या हलक्या ठेक्यावर वाजावे. तारप्याचा सूर त्याच्या जिभाळ्यांनी ठरलेला असतो. त्याला पेटीच्या पट्टीत ओढू नये. बेंजोच्या तारा त्याच्याशी जुळवून घ्याव्यात आणि पेटीचा सूर जेथे जुळणार नाही, तेथे तिने क्षणभर थांबावे. कोणी कोणासाठी सूर बदलावयाचा, हा प्रश्न केवळ संगीताचा नाही. समता शिकवणाऱ्या शाळेत त्याचे उत्तर मुलांना कानांनीही कळावे.