काकोरी : छोट्या स्थानकाच्या तिकीट खिडकीशी जोडलेला मोठा इतिहास

लखनौ : लखनौहून मुरादाबादच्या दिशेने निघालेली गाडी आलमनगर मागे टाकते आणि थोड्याच वेळात काकोरीचे लहानसे स्थानक येते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे न थांबता पुढे जातात. थांबतात त्या प्रामुख्याने सर्व थांबे घेणाऱ्या सवारी गाड्या, आणि त्यांत असतात रोज लखनौला ये-जा करणारे नोकरदार, विद्यार्थी, मजूर आणि छोटे विक्रेते. मात्र स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या स्थानकाचे नाव देशातील अनेक मोठ्या जंक्शनांपेक्षा ठळकपणे नोंदले गेले आहे. दि. ९ ऑगस्ट १९२५ रोजी क्रांतिकारकांनी सरकारी खजिना घेऊन जाणारी गाडी अडवली, ती काकोरी आणि आलमनगर या स्थानकांच्या दरम्यान.

लखनौच्या पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरवर असलेले काकोरी हे जुने गाव. सूफी परंपरा, उर्दू काव्य, मऊसूत कबाब आणि जरदोजीचे भरतकाम ही त्याची जुनी ओळख. आंब्याच्या प्रसिद्ध ‘दशेरी’ जातीला जिच्यावरून नाव मिळाले, ती दशेरी वस्तीही याच परिसरात आहे. अवध आणि रोहिलखंड रेल्वेने १८७२ साली लखनौ ते संडीला व पुढे हरदोईपर्यंत लोहमार्ग पूर्ण केला आणि हा सारा आमराईचा पट्टा लखनौच्या बाजारपेठेशी जोडला गेला. १९२५ साली ही कंपनी ईस्ट इंडियन रेल्वेमध्ये विलीन झाली. आज हा विद्युतीकरण झालेला मार्ग उत्तर रेल्वेच्या अखत्यारीत आहे.

काकोरीची घटना समजून घेण्यासाठी त्या काळच्या छोट्या स्थानकांचा कारभार पाहावा लागतो. दिवसभरात विकलेल्या तिकिटांची रक्कम स्टेशनमास्तर थैलीत भरून सवारी गाडीच्या गार्डकडे सोपवत असे. गार्डच्या डब्यातील लोखंडी पेटीत ती थैली टाकली जाई. गाडी स्थानकामागून स्थानक घेत पुढे सरकत असताना पेटी भरत जाई आणि अखेरीस लखनौला उतरवली जाई. सहारनपूरहून निघणारी ८ डाउन ही अशीच एक सवारी गाडी होती.

हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनचे नेते रामप्रसाद बिस्मिल यांनी प्रवासात ही पद्धत स्वतः पाहिली. लखनौला ही पेटी हमाल उतरवून घेतात आणि ती साखळीने बांधलेलीही नसते, हे त्यांच्या लक्षात आले. वेळापत्रक पाहून त्यांनी या मार्गाच्या रोजच्या उत्पन्नाचा अंदाज सुमारे १० हजार रुपयांचा बांधला. संघटनेला शस्त्रांसाठी आणि प्रचारासाठी पैशांची निकड होती. काकोरीपर्यंत गाडी येईतो मार्गावरील जवळपास सर्व स्थानकांचा भरणा पेटीत जमा झालेला असे आणि लखनौ अवघ्या काही किलोमीटरवर असे. ठिकाणाची निवड यावरून उलगडते.

या कारवाईत बिस्मिल, अशफाकउल्ला खान, राजेंद्रनाथ लाहिरी, शचींद्रनाथ बक्षी, चंद्रशेखर आझाद, मन्मथनाथ गुप्त आदी दहा जण सहभागी होते. काकोरी सोडल्यानंतर साखळी ओढून गाडी थांबवण्यात आली. प्रवाशांनी डब्यातच बसून राहावे, केवळ सरकारी पैसा घ्यायचा आहे, असे बजावण्यात आले. पेटी फोडण्यासाठी अशफाकउल्ला यांनी घण चालवला. हाती आले ते सुमारे साडेचार हजार रुपये, म्हणजे अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी. या गोंधळात सुटलेल्या एका गोळीने निरपराध प्रवाशाचा बळी गेला. ही घटना क्रांतिकारकांच्याही मनाला लागून राहिली आणि खटल्यात तिची झळ सर्वांना बसली.

रक्कम लहान असली तरी शासनाला मिळालेले आव्हान मोठे होते. देशभर अटकसत्र झाले. लखनौच्या हजरतगंजमधील रिंग थिएटरमध्ये खटला चालला. आज तेथे मुख्य टपाल कार्यालय आहे. ६ एप्रिल १९२७ रोजी सत्र न्यायालयाचा निकाल लागला. लाहिरी यांना १७ डिसेंबर १९२७ रोजी गोंडा येथे, तर बिस्मिल यांना गोरखपूर, अशफाकउल्ला यांना फैजाबाद आणि रोशनसिंह यांना अलाहाबाद येथे १९ डिसेंबर रोजी फाशी देण्यात आली. रोशनसिंह प्रत्यक्ष काकोरीच्या कारवाईत नव्हते. आझाद अखेरपर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

या खटल्याचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. दहा वर्षांची शिक्षा झालेले रामकृष्ण खत्री हे मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे. त्यांना पुण्यात अटक झाली होती. सुटकेनंतर त्यांनी लखनौलाच आपले घर मानले आणि १९९६ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

ब्रिटिश कागदपत्रांनी या घटनेला ‘कट’ ठरवले होते. २०२१ साली उत्तर प्रदेश सरकारने त्याऐवजी ‘काकोरी ट्रेन ॲक्शन’ हा शब्दप्रयोग स्वीकारला. घटनास्थळाच्या परिसरात बाजनगर येथे शहीद स्मारक आहे आणि २०२५ मध्ये या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली.

स्थानकाचे रोजचे काम मात्र फारसे बदललेले नाही. स्टेशनमास्तरांची थैली आणि गार्डच्या डब्यातील पेटी इतिहासजमा झाली. अनारक्षित तिकीट आता मोबाइलवरही निघते. भारतीय रेल्वे १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी देत असलेला मासिक वा त्रैमासिक पास काकोरीसारख्या गावातील माणसाला शहरातील रोजगार परवडण्याजोगा करतो. १९२५ साली त्या पेटीत जमा झालेला पैसा अशाच प्रवाशांच्या तिकिटांचा होता. त्यांची पुढची पिढी आजही त्याच मार्गावरून, सवारी गाडीची वाट पाहत, लखनौ गाठते आहे.